वर्गमित्रांची खबरबात छापायची असेल तर

पदवीला पंधरा-वीस वर्षं झाली की वर्गाची माहितीपुस्तिका काढायचं कुणाच्या तरी मनात येतं आणि काम एखाद्या उत्साही माणसाच्या गळ्यात पडतं. अशा पुस्तिका बहुतेक एकाच ठिकाणी फसतात. माहिती गोळा होते ती फक्त आजच्या पदाची: अमुक कंपनीत व्यवस्थापक, दोन मुलं, छंद वाचन. साठ जणांच्या अशा नोंदी वाचून मित्रांना मित्र सापडत नाही आणि त्याच विषयाच्या आजच्या विद्यार्थ्यांनाही काही उपयोग होत नाही. वाचण्यासारखी असते ती मधली वाट. नोकरी का बदलली, शिक्षण पुन्हा कधी सुरू केलं, घरातल्या कोणत्या कारणानं काही वर्षं थांबावं लागलं, हे विचारलंत तरच ते येतं.

सुरुवात व्हॉट्सॲप गटापासून करू नका. गटात नसलेलेच नेमके सुटतात. शेवटच्या वर्षाची हजेरीची यादी मिळवा आणि तिच्यावरून तक्ता करा. पदवीच्या वेळचं नाव आणि सध्याचं नाव यांचे रकाने वेगळे ठेवा. लग्नानंतर किंवा इतर कारणानं नाव बदललेल्या मैत्रिणी याच एका चुकीमुळे हरवतात. वर्ग साठाचा असेल तर सहा जणांनी दहा-दहा नावं वाटून घ्यावीत. गटावरच्या सामूहिक आवाहनाला पहिल्या आठवड्यात जे उत्तर देतात, ते बहुधा ज्यांचं बरं चाललं आहे तेच. बाकीच्यांना एकेकट्याला फोन करावा लागतो, आणि तोही त्यांच्या जवळच्या मित्रानं. सहा आठवड्यांची मुदत द्या, चौथ्या आठवड्यात एकदा आठवण करा.

प्रश्न पाचच पुरेत. पदवीनंतरची पहिली दोन वर्षं कशी गेली? वाट कुठे बदलली आणि का? आजच्या कामाचा एक दिवस कसा असतो? कॉलेजात शिकलेलं काय उपयोगी पडलं, काय नव्यानं शिकावं लागलं? घरी कोण कोण असतं? शेवटच्या प्रश्नाची शब्दरचना फार महत्त्वाची आहे. ‘पती/पत्नीचे नाव, मुले किती’ असा रकाना दिसला की घटस्फोटित, एकटे राहणारे, मूल नसलेले किंवा जोडीदार गमावलेले लोक फॉर्म बंद करतात आणि पुन्हा उघडत नाहीत. ‘घरी कोण कोण असतं’ यात आईवडील, भावंडं, कुत्रा, कुणीही बसतं. उत्तर ऐच्छिक आहे असं तिथेच लिहा.

एका नोंदीला १२० ते १५० शब्द. कुणी चारच ओळी दिल्या तर फोनवर बोलून लिहून घ्या. ‘औषध कंपनीत विक्रीचं काम तीन वर्षं केलं, सततचा प्रवास झेपेना म्हणून शिक्षकी प्रशिक्षण घेतलं, आता रसायनशास्त्र शिकवते’ एवढ्या एका वाक्यात नवख्या विद्यार्थ्याला पदनामापेक्षा कितीतरी जास्त मिळतं. पगार विचारू नका. संपादित मजकूर प्रत्येकाला परत पाठवा आणि ‘छापायला हरकत नाही’ असं लेखी उत्तर आल्याशिवाय तो पानात घेऊ नका. फोन नंबर, पत्ते, मुलांच्या शाळांची नावं छापील पुस्तिकेत नकोत. ज्यांना नोंद नको आहे त्यांचं नावही त्यांना विचारूनच यादीत ठेवा.

वर्गातलं कुणी गेल्याचं कानावर आलं तर घरच्यांकडून खात्री झाल्याशिवाय एक अक्षर लिहू नये. जिवंत माणसाला श्रद्धांजली छापली गेली तर ती चूक कशानंच भरून निघत नाही. खात्री झाल्यावर नोंद जवळच्या मित्रानं लिहावी, छापण्याआधी कुटुंबाला दाखवावी.

फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की दाबून लहान केले जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलनं मागवा. दोन बाय अडीच इंचाच्या छपाईला ३०० डीपीआयच्या (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) हिशेबानं ६०० बाय ७५० पिक्सेल लागतात. गूगल फॉर्ममध्ये फोटो चढवायची सोय ठेवलीत तर भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं आणि काही जण तिथेच सोडून देतात. म्हणून फोटो वेगळे मागवलेले बरे.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही फोनवर-संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, टाइप करा. छापखान्यात जुन्या फॉन्टमध्ये रूपांतर झालं तर ‘ऱ्य’, ‘र्‍ह’, ‘ॲ’ आणि रफार तुटतात, म्हणून प्रूफ वाचताना आडनावं आधी तपासा. मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत असावी लागतात. पानाला तीन नोंदी धरल्या तर साठ जणांची वीस पानं होतात. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि त्यांच्या आतल्या दोन बाजू धरून चोवीस.

पुस्तिका निघाल्यावर मूळ तक्ता किमान दोघांच्या ताब्यात द्या आणि प्रत्येक नोंदीपुढे ती शेवटची कधी तपासली तो महिना लिहून ठेवा. पुढच्या आवृत्तीला फोन कुणापासून सुरू करायचे ते त्यावरून ठरतं.