कडीपाटाची माडी: उन्हाची धग आणि आग, दोन्ही अडवायची कशी

विदर्भातल्या गावांत कडीपाटाच्या माड्या अजून उभ्या आहेत. सागाच्या मयाली म्हणजे मुख्य तुळया, त्यावर कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडं, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या, आणि सगळ्यात वर कवेलू (मातीची कौलं) उतरवून टाकलेले टिनाचे पत्रे. मे महिन्यात चंद्रपूर, वर्धा, अकोल्याकडे पारा 45 च्या वर गेला की दुपारी माडीवर बसवत नाही. मग बाजारातून स्वस्त उपाय येतो: थर्माकोलच्या शीट, नाहीतर पीव्हीसीच्या पट्ट्यांचं सीलिंग. लाकडाच्या घरात हे दोन्ही लावू नका. थर्माकोल शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडतो, पुढे वितळतो आणि पेटला की जळते थेंब खाली टाकतो. पीव्हीसी जळताना निघणारा आम्लाचा धूर माणसाला जिन्यापर्यंत पोहोचू देत नाही.

आधी लाकडाचं गणित समजून घ्या, कारण भीती बहुतेक वेळा चुकीच्या जागी असते. जाड लाकूड भसकन जळून जात नाही. बाहेरून कोळशाचा थर धरतो आणि तोच आतल्या लाकडाला धगीपासून वाचवतो. सागासारखं जड लाकूड मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर आत जळत जातं. म्हणजे 6 बाय 8 इंचाची मयाल तीन बाजूंनी अर्धा तास आगीत राहिली, तरी प्रत्येक बाजूचे 16-17 मिमी जळून आणि त्यामागचे 7 मिमी कमकुवत धरूनही तिची निम्मी ताकद शिल्लक राहते. उघडा लोखंडी अँगल मात्र साडेपाचशे-सहाशे अंशांवर निम्मी ताकद गमावून वाकतो. घर मयालीपायी जात नाही, ते पाटांमधल्या फटींपायी जातं. इंचभर जाडीच्या दोन पाटांत बोट जाईल एवढी फट असली की खालची ज्वाळा आणि धूर काही मिनिटांत वरच्या खोलीत येतात.

दुसरा शत्रू म्हणजे लपलेली पोकळी. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 ला 72 माणसं गेली. इमारत काँक्रीटची होती, पण बाहेरून लावलेलं आवरण आणि उष्णतारोधक दोन्ही जळणारे होते, आणि त्यांच्यामधल्या पोकळीतून आग वर चढत गेली. नॉर्वेतलं म्योस्टोर्नेट 2019 साली पूर्ण झालं. ते लाकडाचं, 18 मजली, 85.4 मीटर उंच आहे. अशा इमारती बांधताना लाकूड पुरेसं जाड ठेवतात किंवा झाकतात, आणि पोकळ्या जागोजागी अडथळे घालून बंद करतात. आपल्या दोन मजल्यांनाही नियम तोच.

काम सुरू करण्याआधी जुन्या पाटांवर मुरूम-मातीचा थर आहे का बघा. तीन-चार इंचांची माती हे आगीपुढचं उत्तम कवच आहे. "वजन कमी करू" म्हणून मिस्त्री ती खरवडून काढायला सांगतात. मयाल भिंतीत शिरते तिथे टोचा मारून बघा. टोचा आत रुतला, लाकूड भुसभुशीत लागलं किंवा वाळवीची माती दिसली, तर आधी मयालीची दुरुस्ती. लाकूड ठणठणीत असेल तर माती राहू द्या.

आता दोन मजल्यांमधलं काम. 12 बाय 15 फुटांची खोली म्हणजे 180 चौरस फूट. कड्यांमध्ये 50 मिमी जाडीचं, घनमीटरला 64 किलो घनतेचं रॉकवूल (दगड वितळवून केलेली, न जळणारी लोकर) बसवा. 1.2 बाय 0.6 मीटरची स्लॅब असेल तर कापाकापीची घट धरून 26 स्लॅब लागतात. कड्यांमधल्या अंतरापेक्षा सेंटिमीटरभर रुंद कापा, म्हणजे स्लॅब घट्ट बसते आणि लोंबत नाही. कापताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच, अंगाला खाज सुटते.

खालून 12.5 मिमी जिप्सम बोर्डचे दोन थर. 6 बाय 4 फुटांचे 9 बोर्ड एका थराला, म्हणजे एकूण 18. जिप्सममध्ये वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं पाणी बांधलेलं असतं. आगीत ते वाफ होऊन जाईपर्यंत बोर्डची मागची बाजू शंभर अंशांच्या फार वर जात नाही. म्हणून एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येऊ देऊ नका, नाहीतर दोन थरांचा पैसा गेला आणि फट तशीच राहिली. पहिल्या थराला 38-40 मिमी, दुसऱ्याला 60-65 मिमी स्क्रू. कोणताही स्क्रू कडीत किमान इंचभर शिरला पाहिजे, पाटात नाही. दोन थरांचं वजन या खोलीला 300 किलोंच्या घरात जातं, म्हणून मयालीची तपासणी टाळू नका. सांध्यांवर कागदी टेप आणि जॉइंटिंग कंपाऊंड, भिंतीच्या कडेची फटही भरायची. एवढं करून इलेक्ट्रिशियनने गोल दिव्यासाठी भोक पाडलं की तिथूनच आग वर जाते. दिवे बोर्डच्या खाली, पृष्ठभागावर लावा.

पत्र्याखाली बोर्डचा एक थर चालतो. जीआय चॅनल (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या पट्ट्या) दीड-दीड फुटांवर, तारेने किंवा पट्टीने वाशांना टांगलेले, प्लॅस्टिकच्या गुट्ट्या नकोत. बोर्डला 25 मिमी स्क्रू. बोर्डवर तेच 50 मिमी रॉकवूल, ॲल्युमिनियम फॉइलची बाजू वर. पत्रा आणि फॉइलमध्ये दोन-तीन इंच हवा खेळू द्या. ही पोकळी उष्णता बाहेर न्यायला लागते, आणि थंडीत पत्र्याखाली साचलेले दवाचे थेंब रॉकवूल भिजवत नाहीत. पण तीच पोकळी आगीला खोल्या ओलांडायला वाट देते. म्हणून प्रत्येक खोलीची भिंत थेट पत्र्यापर्यंत विटांनी चढवा. वरची फट मातीच्या गिलाव्याने बंद करा, आणि हवेसाठी बाहेरच्या भिंतीत बारीक जाळीचे झरोके ठेवा. जाळी नसली की उंदीर शिरतात, रॉकवूलमध्ये बिळं करतात आणि वायर कुरतडतात.

पत्र्याचं पोलाद रॉकवूलच्या हजारपटीहून जास्त सहज उष्णता वाहतं. कागदावरच्या हिशोबाने हा थर घातल्यावर खाली येणारी धग आठपटीच्या आसपास कमी होते, स्लॅबमध्ये फटी राहिल्या तर फायदा बराच घटतो. वर पांढरा चुना मारला तर आणखी बरं, फक्त पावसाने तो धुतला जातो म्हणून दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा मारायचा. रात्री मात्र खिडक्या उघड्या हव्यात, नाहीतर दिवसा शिरलेली उष्णता बाहेर जायला जागा राहत नाही.

वायर रॉकवूलमध्ये दाबू नका. झाकलेली वायर तापते. धातूच्या पाइपातून बोर्डच्या खाली न्या, कूलरच्या प्लगला 2.5 चौरस मिमीची आयएसआय तांब्याची वायर, एमसीबीसोबत (जादा भार आला की वीज तोडणारं बटण) 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण). चुलीचं साधं धुराडं लाकडापासून दीड फूट लांब ठेवा, छतातून जाताना भोवती विटांचं किंवा पत्र्याचं आवरण करा.

आणि कापूस. बाजारभाव वाढायची वाट बघत खालच्या खोलीत भरून ठेवलेला कापूस आतल्या आत तासनतास धुमसतो, वरून विझल्यासारखा दिसतो. ज्या खोलीच्या वर माणसं झोपतात तिथे कापूस, कुटार (भुसा) किंवा पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) भरू नका, वरचे सगळे थर लावले तरीही. शेड वेगळं करा, त्यात उघडा दिवा किंवा लोंबती वायर नको. जिन्याला खाली जाड लाकडाचं दार लावून रात्री बंद ठेवा. माडीची एक खिडकी गजांऐवजी आतून उघडणाऱ्या जाळीची करा, निदान अडीच बाय तीन फुटांची, म्हणजे जिना पेटला तर तिथून शिडीने उतरता येतं. शिडी त्या खिडकीखालीच टांगलेली असू द्या, कुलूप न घालता.