टोकियोच्या गल्ल्या पायी फिरायच्या तर निघण्याआधी एवढं करून ठेवा

टोकियोला जायचं ठरलं की सगळे आधी ठिकाणांची यादी करतात, शिबुया, शिंजुकू, आसाकुसा, गिंझा, आकिहाबारा, आणि मग ती चार दिवसांत कशीतरी बसवतात. माझं म्हणणं आहे की ठिकाणं नंतर लिहा, आधी वार लिहा. या शहरातले रस्ते वारावर चालतात, आणि चुकीच्या वारी गेलात तर तोच रस्ता शटर खाली ओढलेला बघून परत यावं लागतं.

म्हणजे बघा, रविवार आकिहाबारासाठी राखून ठेवा कारण त्या दिवशी दुपारी एकपासून तिथल्या मुख्य रस्त्यावर, चुओ-दोरीवर, गाड्या बंद असतात आणि लोक रस्त्याच्या मधोमध चालतात. गिंझाला हेच शनिवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी बारापासून असतं, संध्याकाळी सहापर्यंत, थंडीच्या महिन्यांत पाचपर्यंत. याउलट जिंबोचोची जुन्या पुस्तकांची दुकानं बरीचशी रविवारी बंद, काप्पाबाशीची भांड्यांची दुकानंही रविवारी बरीच बंद. त्सुकिजीच्या बाहेरच्या बाजारात रविवार आणि बऱ्याचदा बुधवार टाळायचा, आणि जायचं ते सकाळी सात-आठला, दुपारी दोनला तिथली आवराआवर झालेली असते. (माशांचा घाऊक लिलाव आता त्सुकिजीला होत नाही, तो २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तोयोसूला गेला, त्सुकिजीला राहिलाय तो बाहेरचा खाण्यापिण्याचा आणि किरकोळ विक्रीचा बाजार, आणि तो अजूनही झकास आहे.) हाराजुकूची ताकेशिता गल्ली जेमतेम साडेतीनशे मीटरची, शनिवार-रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, लहान मुलं बरोबर असतील तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी जा.

वारांबरोबर तारखाही बघा. एप्रिलच्या शेवटापासून ५ मेपर्यंत त्यांचा गोल्डन वीक, म्हणजे लागोपाठच्या सुट्ट्या, ऑगस्टच्या मध्यावर पूर्वजांच्या आठवणीचा सण ओबोन, आणि २९ डिसेंबर ते ३ जानेवारी बरंच काही बंद. नेमक्या आपल्या मुलांच्या मे महिन्याच्या सुट्ट्या आणि गोल्डन वीक एकमेकांवर येतात, म्हणून जमलं तर ६ मेनंतरचं तिकीट काढा, हवा छान असते आणि गर्दी उतरलेली असते. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस, ऑगस्टमध्ये पस्तीस डिग्री आणि दमट, मुंबईकरांना त्याची सवय असली तरी दिवसभर चालायचं असेल तर नकोच. नोव्हेंबरचा शेवट मला सगळ्यात आवडतो, गिंकोची झाडं पिवळी झालेली असतात आणि चालून घाम येत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, आता टुरिस्टसाठी ई-व्हिसा मिळतो, पण एक गोष्ट लक्षात ठेवा की तो एअरपोर्टवर फोनवर ऑनलाइन उघडून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट किंवा प्रिंट चालत नाही. त्यामुळे उतरल्याउतरल्या नेट चालू असेल अशी सोय, ई-सिम किंवा रोमिंग, घरूनच करून निघा. व्हिजिट जपान वेब म्हणून त्यांची साइट आहे, तिथे इमिग्रेशन आणि कस्टमची माहिती आधी भरून क्यूआर कोड घेऊन ठेवा. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवायचा नाही, परदेशी माणसाने तो जवळ बाळगायचा असा तिथला कायदा आहे, आणि टॅक्स फ्री खरेदीलाही तोच लागतो. त्या खरेदीची पद्धत १ नोव्हेंबर २०२६ पासून बदलते आहे, आधी पूर्ण पैसे भरायचे आणि टॅक्स परत मिळणार तो देश सोडताना, म्हणजे त्यानंतर जाणाऱ्यांनी खरेदीचं बजेट टॅक्स धरून करा.

औषधांकडे मात्र खरंच लक्ष द्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधं एक महिन्यापुरती नेता येतात, चिठ्ठी बरोबर ठेवा, पण सर्दीच्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रीन आणि खोकल्याच्या औषधातलं कोडीन यावर तिथे कडक नियम आहेत, ठराविक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर सरळ बंदी. आईबाबांच्या औषधांचा डबा उचलून बॅगेत टाकण्याआधी प्रत्येक पट्टीवरची नावं वाचा. तसंच मटण-चिकनचे कुठलेही पदार्थ, ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता नेऊ नका, एअरपोर्टवर काढून घेतात.

पैशाचं म्हणजे आपल्या बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशातला वापर चालू करा, तो बहुतेक बंदच असतो, आणि हे काम भारतात असतानाच करा कारण ओटीपी आपल्या नंबरवर येतो. कॅश सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून निघते. कॅश लागतेच, देवळाबाहेरच्या टपऱ्या, छोटी रामेनची दुकानं, तिकिटाची मशीन्स, सगळीकडे कार्ड घेत नाहीत, आणि ट्रेन-बसला वापरायच्या सुइका कार्डात पैसे टाकायच्या मशीनलाही बहुतेक ठिकाणी नोटाच लागतात. नाण्यांसाठी वेगळं पाकीट न्या. पाचशे येनपर्यंत नाणीच असल्यामुळे संध्याकाळपर्यंत खिसा जड होतो, आणि ते नाणं तीनशे रुपयांच्या आसपासचं असतं, चिल्लर समजून पडू देऊ नका.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तयारी, ती म्हणजे स्टेशनची एक्झिट. टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. पत्ता म्हणजे वस्तीचं नाव, मग तिचा भाग, मग ब्लॉकचा नंबर, मग बिल्डिंगचा नंबर, आणि शेजारी शेजारी नंबर ओळीने असतीलच असं नाही. म्हणून तिथली माणसंही पत्ता सांगताना स्टेशन आणि एक्झिट सांगतात, आणि तुम्हीही तसंच लिहून न्या. वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये प्रत्येक ठिकाणापुढे तीन गोष्टी लिहा, स्टेशन, लाइन, एक्झिट, म्हणजे ए२, बी५ असं जे असेल ते. प्लॅटफॉर्मवर पिवळ्या पाट्या असतात, त्यावर एक्झिटचे नंबर आणि बाजूला काय काय आहे ते इंग्रजीतही लिहिलेलं असतं, गेटमधून बाहेर पडण्याआधी तिथे थांबून अर्धा मिनिट वाचा, कारण चुकीच्या एक्झिटने वर आलात तर मधे हायवे किंवा रेल्वेलाइन येते आणि वीस मिनिटं जातात. शिंजुकूला दोनशेच्या वर एक्झिट आहेत. पूर्वी तर पूर्वेकडून पश्चिमेकडे जायला स्टेशनला वळसा पडायचा, २०२० मध्ये आतून मोकळा रस्ता झाला म्हणून आता जरा बरं आहे. शिबुयाला गेली कित्येक वर्षं बांधकाम चालू आहे, जुन्या व्हिडिओत दाखवलेली वाट आज तशीच असेल असं धरून चालू नका, हाचिको एक्झिटच्या पाट्या बघत जा. आणि आजी-आजोबा किंवा बाबागाडी बरोबर असेल तर लिफ्ट असलेली एक्झिट वेगळी शोधून ठेवा, जवळजवळ प्रत्येक स्टेशनला असते पण प्रत्येक एक्झिटला नसते, आणि दिवसातून आठ वेळा जिने चढल्यावर ज्येष्ठ मंडळी काही बोलत नाहीत पण दमतात.

यामानोते लाइन एकदा नीट समजून घ्या, तीस स्टेशनांचा गोल आहे, पूर्ण चक्कर साधारण तासाभराची, आणि उएनो, आकिहाबारा, टोकियो, शिबुया, हाराजुकू, शिंजुकू सगळी त्यावरच. पर्यटकांसाठी सबवेचे चोवीस, अठ्ठेचाळीस आणि बहात्तर तासांचे पास मिळतात, ते स्वस्त पडतात पण यामानोतेवर चालत नाहीत कारण ती जेआरची, म्हणजे जपान रेल्वेची आहे, या गोंधळात बरेच जण अडकतात. सुइका घ्याच, ते सगळीकडे चालतं.

दिवस आखताना एका दिवशी दोनच वस्त्या धरा आणि त्याही एकमेकींना पायी जोडता येतील अशा. हाराजुकूला उतरून आधी मेइजी देवळाच्या झाडीत जा, मग ओमोतेसांदो रस्त्याच्या झेलकोवाच्या झाडांखालून खाली, तिथून कॅट स्ट्रीटने वळत वळत शिबुया. कॅट स्ट्रीट अशी वळणं का घेते, तर तिच्याखाली झाकलेली नदी आहे. शिबुयाला पोचाल तेव्हा संध्याकाळ झालेली असेल आणि तो सुप्रसिद्ध चौक तेव्हाच बघावा. उंचावरून शहर बघायला शिबुया स्काय या इमारतीच्या माथ्यावर जायचं असेल तर तारीख पक्की झाली की तिकीट बघा, सूर्यास्ताची सगळ्यात आधी संपतात, आणि बुकिंग जपानच्या घड्याळाने उघडतं, तिथले रात्रीचे बारा म्हणजे आपले आदल्या रात्रीचे साडेआठ. पैसे वाचवायचे असतील तर शिंजुकूच्या पश्चिमेला महानगर सरकारची इमारत आहे, २०२ मीटरवर शहर बघायची काचबंद जागा, पूर्ण फुकट, आणि हिवाळ्यात स्वच्छ सकाळी फुजी दिसतो.

आसाकुसाला सकाळी आठच्या आत पोचा. देवळाकडे जाणाऱ्या नाकामिसे गल्लीतली दुकानं उघडलेली नसतील, पण देवळाचं आवार मोकळं मिळतं आणि शटरवरची चित्रं बघायला मिळतात. कामिनारीमोन या देवळाच्या वेशीवरच्या मोठ्या लाल कंदिलासमोर सगळे फोटो काढतात, तुम्ही त्याच्या बरोब्बर खाली उभं राहून वर बघा, तळाला लाकडात कोरलेला ड्रॅगन आहे, बहुतेक लोक तो न बघताच पुढे जातात. तिथून काप्पाबाशी चालत पंधरा मिनिटं. हा हॉटेलवाल्यांचा बाजार, सुऱ्या, वाट्या, कंदील, आणि काचेत ठेवायचे प्लास्टिकचे खोटे पदार्थ, ग्लासातून सांडणारी बियर किंवा हवेत अडकलेला नूडल्सचा काटा इतका हुबेहूब की हात लावून बघावासा वाटतो. सुरी घेतलीत तर ती चेक-इन बॅगेत जाणार हे आधीच धरून बॅगेत जागा ठेवा.

आणि माझी कळकळीची विनंती आहे की यानाका आणि जिंबोचो यादीतून कापू नका. यानाका १९२३ च्या भूकंपातून आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांतून बरंचसं वाचलं, म्हणून तिथे अजून जुनी लाकडी घरं, छोटी देवळं, दारातल्या कुंड्या दिसतात. निप्पोरी स्टेशनच्या पश्चिम एक्झिटने निघा, पायऱ्या उतरल्या की यानाका गिंझा ही दुकानांची गल्ली, दुपारी जा आणि सोमवार टाळा. जिंबोचोत एक बघा, यासुकुनी-दोरी या मोठ्या रस्त्यावर पुस्तकांची दुकानं जवळजवळ सगळी दक्षिणेच्या बाजूला आहेत, तोंड उत्तरेला, म्हणजे पुस्तकांवर ऊन पडत नाही. दारात रस्त्यावरच कपाटं लावलेली, आत छतापर्यंत पुस्तकं. जपानी येत नसलं तरी जुने नकाशे आणि लाकडी ठशांची चित्रं बघण्यात दुपार जाते. तिथून आकिहाबारा चालत जाता येतं.

खाण्याचं शाकाहारी मंडळींनी घरूनच ठरवून निघावं. मांस दिसत नसलं तरी दाशी असतं, माशापासून केलेलं पाणी, सूपमध्ये, सॉसमध्ये, कधी भाजीतही. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर समोरचा मांस काढून देतो आणि दाशी तशीच राहते, तेव्हा मांस नको, मासे नको, माशाचं दाशी नको असं जपानीत लिहिलेलं कार्ड फोनमध्ये ठेवा आणि ऑर्डरच्या आधी दाखवा. टोकियो स्टेशनच्या गेटच्या आत टीज तानतान म्हणून पूर्ण व्हीगन रामेनचं दुकान आहे, ते लिहूनच ठेवा. घरचं हवंसं वाटलं तर तोझाई लाइनवर निशी-कासाई गाठा, तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, डाळ, पीठ, मसाले सगळं मिळतं, आणि त्याच एदोगावा भागातून २०१९ मध्ये आपले पुण्याचे योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले होते. मांसाहारी असाल तर शिंजुकूला नाकामुराया रेस्टॉरंट आहे, रासबिहारी बोस यांच्यामुळे १९२७ पासून तिथे भारतीय पद्धतीची चिकन करी मिळते, एका क्रांतिकारकाचा वारसा असा ताटात येतो, मला तिथे जाणं फार महत्त्वाचं वाटतं. बॅगेत दशम्या, मेतकूट, चिवडा असू द्या, पण चालता चालता खाऊ नका, आसाकुसाला तर दुकानासमोर उभं राहून संपवायची पद्धत आहे.

रोजच्या पिशवीत काय, तर छोटा टॉवेल कारण बाथरूममध्ये हात पुसायला काही नसतं, कचऱ्यासाठी एक पिशवी कारण रस्त्यावर डबे जवळपास नाहीतच, १९९५ च्या सबवेवरच्या सरीन या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर बरेच काढले, घडीची छत्री, पॉवर बँक. दोन चपट्या पिनांचा ॲडाप्टर, तिथे १०० व्होल्ट असतात, फोनचा चार्जर चालतो, आपला केस वाळवायचा ड्रायर नेऊ नका. बूट वापरून मऊ झालेले आणि पटकन काढता येतील असे, मोजे चांगले, कारण बऱ्याच ठिकाणी बूट दाराशीच निघतात.

रात्रीचं एवढंच की शिंजुकूच्या काबुकिचोत, म्हणजे बार-क्लबच्या वस्तीत, कोणी हसत हसत मेन्यू दाखवत बोलावलं तर जाऊ नका, पोलीसही हेच सांगतात, आत बिलं अवाच्या सवा येतात. बाजूच्या गोल्डन गाईत जरूर जा, दोनशेच्या वर चिमुकले बार आहेत, पाच-सहा खुर्च्यांचे, दारावर बसण्याचा चार्ज लिहिलेला असतो तो वाचून मगच आत शिरा आणि फोटो विचारून काढा. शिबुयात संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर दारू पिता येत नाही. शेवटच्या ट्रेन बाराच्या आसपास जातात आणि मग पहाटे पाचपर्यंत काही नाही, टॅक्सीला रात्री दहानंतर वीस टक्के जास्त, तेव्हा शेवटच्या ट्रेनची वेळ संध्याकाळी निघतानाच बघून ठेवा, आणि हॉटेलचा पत्ता जपानीत लिहिलेलं कार्ड रिसेप्शनवरून पहिल्याच दिवशी घरातल्या प्रत्येकासाठी वेगळं मागून घ्या, मुलांच्या खिशातही एक.