पेशीपटलाची रचना अतिविभेदन सूक्ष्मदर्शकाखाली कशी पाहावी

अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवलेल्या मर्यादेमुळे साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत, त्यामुळे पेशीपटलावरील ६० ते ८० नॅनोमीटर रुंदीचे केव्हिओली नावाचे खळगे त्यात केवळ ठिपक्यांसारखे दिसतात. अतिविभेदन सूक्ष्मदर्शक ही मर्यादा ओलांडतात. जिवंत पेशीतील हालचाल पाहायची असल्यास स्टेड पद्धत, म्हणजे दुसऱ्या लेझरने प्रकाशठिपक्याच्या कडेची चमक विझवणारी पद्धत, निवडावी. प्रथिनांची मांडणी सुमारे २० नॅनोमीटरपर्यंत हवी असल्यास एकेका रेणूचे स्थान नोंदवणारी स्टॉर्म पद्धत घ्यावी. पुढील सूचना स्टॉर्मसाठी आहेत.

पेशी ०.१७ मिलिमीटर जाडीच्या स्वच्छ कव्हरस्लिपवर वाढवाव्यात, कारण बहुतेक वस्तुभिंगे त्याच जाडीसाठी बनवलेली असतात.

खरी कसोटी स्थिरीकरणाची, म्हणजे पेशीतील रेणू रसायनाने जागच्या जागी जखडण्याची, आहे, आणि नवख्या अभ्यासकांची फसगत बहुधा येथेच होते. केवळ पॅराफॉर्माल्डिहाइड हे नेहमीचे स्थिरीकरण रसायन वापरल्यास पटलातील अनेक प्रथिने पूर्णपणे जखडली जात नाहीत. मग लक्ष्य प्रथिनाला चिकटून त्यावर चमकणारे रंगद्रव्य नेणारे दोन बाहूंचे प्रतिपिंड (अँटिबॉडी) त्यांना एकमेकांजवळ ओढतात आणि मुळात नसलेले पुंजके तयार होतात. म्हणून त्यात सुमारे ०.२ टक्के ग्लुटाराल्डिहाइड हे अधिक घट्ट जखडणारे रसायन मिसळावे आणि त्यामुळे वाढणारी पार्श्वभूमीची चमक नंतर सोडियम बोरोहायड्राइडने कमी करावी. लक्ष्य पटलाच्या बाहेरील बाजूस असेल तर पटलाला छिद्रे पाडण्यासाठी वापरले जाणारे ट्रायटन हे डिटर्जंट टाळावे, कारण ते मेद विरघळवते, म्हणजे जे पाहायचे तेच धुऊन टाकते. प्राथमिक (लक्ष्याला चिकटणाऱ्या) व दुय्यम (प्राथमिकाला चिकटून रंगद्रव्य वाहणाऱ्या) प्रतिपिंडांची जोडी रंगद्रव्याला लक्ष्यापासून दहा-वीस नॅनोमीटर दूर नेऊ शकते, त्यामुळे शक्य तेथे नॅनोबॉडी, म्हणजे प्रतिपिंडाचा लहानसा तुकडा, वापरणे मला अधिक योग्य वाटते.

प्रतिमा घेताना प्रकाश टर्फ पद्धतीने, म्हणजे काचेवरून पूर्ण परावर्तित होईल इतका, तिरपा सोडावा, म्हणजे काचेलगतचा साधारण १०० ते २०० नॅनोमीटरचा थरच उजळतो आणि पेशीच्या आतील चमक आड येत नाही. हजारो चौकटी (एकामागून एक प्रतिमा) घेताना मंच सरकतो, म्हणून स्थिर खूण म्हणून सोन्याचे सूक्ष्म कण काचेवर आधीच ठेवावेत.

विश्लेषणात प्रत्येक ठिपका म्हणजे एक रेणू असे समजू नये. एकच रंगद्रव्य अनेकदा उजळते आणि विझते, आणि त्याच्या नोंदी थोड्या इकडेतिकडे पसरून पुंजक्याचा आभास निर्माण करतात. म्हणून तेच रंगद्रव्य जोडलेले प्रतिपिंड रिकाम्या काचेवर विरळ पसरवून, त्याच द्रावणात व त्याच लेझरखाली एका प्रतिपिंडामागे सरासरी किती नोंदी मिळतात ते मोजावे, आणि पेशीतील पुंजके त्या आकड्याशी ताडून पाहिल्यानंतरच त्यांची संख्या लिहावी.