अ‍ॅटॅक्सियाचा व्यायाम करून राहिले? मग या चुका टाळा बाप्पा

अ‍ॅटॅक्सियाचा (म्हणजे हालचालींचा ताळमेळ आणि तोल जाणं) पेशंट घेऊन आलेले घरचे लोक बहुतेक वेळा एकच सांगतात, "मॅडम, याच्या पायात ताकदच नाही राहिली." सगळा घोळ इथूनच सुरू होतो. पायात ताकद असते हो, निदान सुरुवातीच्या काळात तरी चांगली असते. बिघडलेला असतो बहुतेकदा लहान मेंदू, डोक्याच्या मागच्या बाजूचा, जो कोणता स्नायू कधी आणि किती आवळायचा हे जुळवून आणतो. ते जुळणं गेलं की पाय भलतीकडे पडतो, हात ग्लासाच्या पुढं निघून जातो, जीभ अडखळते आणि गावातले लोक म्हणतात पोरगं दुपारीच पिऊन आलं.

मग घरचे ताकद वाढवायला निघतात. एका पोराचं सांगते, विशीतलं, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातलं. त्याचा मामा एकेकाळचा पहेलवान. मामानं मोबाईलवर पाह्यलं की घोट्याला वजन बांधलं की लटपट कमी होते. ते अगदीच खोटं नाही, वजन अंगावर आहे तोवर काही जणांची थरथर थोडी कमी दिसते. पण मामानं युरियाच्या पोत्याच्या रेती भरून दोन पिशव्या शिवल्या, पोराच्या पायाला बांधल्या आणि सकाळ-संध्याकाळ त्याला घरापासून मारुतीच्या पारापर्यंत भरभर चालवायला लागला, वरून पन्नास बैठका. आठवडाभर सगळे खुश. मग एका सकाळी पिशव्या सोडल्या आणि पोरगं तसंच कोठ्याकडे निघालं, तर वजन काढल्यावर पाय आधीपेक्षाही जास्त उडायला लागले आणि दोन-चार पावलांत ते गव्हाणीवर जाऊन आदळलं. मनगट मोडलं. प्लास्टर म्हणजे आधार धरायचा हातच गेला, आणि तेवढे दिवस खाटेवर पडून जे चालणं होतं तेही निम्म्यावर आलं. आणि मामा मलेच विचारते, "वजन कमी पडलं काय मॅडम?"

वजन नाही, भरभर नाही. हेनरिक फ्रेंकेल नावाच्या स्वित्झर्लंडच्या डॉक्टरनं १८९० च्या सुमारास यासाठी व्यायाम बसवले, तेही सिफिलिसनं मज्जारज्जू खराब होऊन तोल गेलेल्या लोकांसाठी, आणि ते आजही चालतात. आधी झोपून, मग बसून, मग उभं राहून, पायाकडे बघत, तोंडानं आकडे मोजत, हळू. मी खाली दरीवर (सतरंजीवर) झोपवते. टाच दरीवरून सरकवत टोंगळा (गुडघा) वाकवायचा आणि मी मधेच "थांब" म्हटलं की पाय तिथंच थांबला पाहिजे. भरभर केलं तर झटक्यात निभावून जातं, हळू केलं की चूक उघडी पडते, म्हणूनच कोणाला हळू आवडत नाही. उभ्याचा नंबर आला की वसरीत पावलं आखून देते, फरशी असेल तर खडूनं (रांगोळीवरून पाय घसरतो), सारवलेली जमीन असेल तर रांगोळीनं, म्हणजे पाऊल हुकलं की रांगोळी फिसकटते आणि मला काही बोलावं लागत नाही. तिसऱ्याच दिवशी "उभ्यानं कधी?" विचारणाऱ्यांना मी पुन्हा दरीवर झोपवते. चिडतात, चिडू दे.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे दंडाला धरून ओढत चालवणं. माय एका बाजूनं, भाऊ दुसऱ्या बाजूनं, पेशंट मधात लोंबकळत. त्यानं तोल सावरायचाच नाही तर मेंदू शिकणार काय? आणि पडताना दंड ओढला गेला तर खांदा जातो तो वेगळाच. दुपट्टा कमरेला घट्ट बांधा, धरणाऱ्यानं किंचित मागं, एका बाजूला राहावं आणि दुपट्ट्यात हात घालून ठेवावा, पण ओढायचं नाही, खरंच पडायला लागला तरच धरायचं. तोलाचा सराव घराच्या कोपऱ्यात करा, पाठीमागं दोन भिंती, पुढं जड खुर्ची. थोडं डगमगलं पाहिजेच, डगमगलंच नाही तर तो तोलाचा व्यायाम कसला.

"लाईट लावा ना मॅडम" हेही रोजचंच. लाईट म्हणजे शेकाची-करंटची मशीन. शेक आणि करंट दुखण्यासाठी, तोल मशीननं येत नाही.

दहा दिवस करून सोडणारे तर विचारूच नका, कापूस वेचणी लागली की व्यायाम बंद. जर्मनीत झालेल्या, २००९ साली छापलेल्या अभ्यासात चार आठवडे, आठवड्यातून तीनदा, तासभर असा व्यायाम केला आणि तोल-चालणं सुधारलं. जपानमध्ये २०१२ साली तसंच दिसलं, पण पुढच्या सहा महिन्यांत बऱ्याच जणांचा फायदा ओसरत गेला. आजार जागेवर थांबत नाही, त्यामुळे वेचणीच्या दिवसातही सकाळची वीस मिनिटं काढाच.

रांगायची लाज नको. "लहान लेकरावानी रांगू काय?" होय, रांगा, कमरेचा-पाठीचा ताबा त्यानं येतो.

चालताना मोबाईलवर बोलू नका. पट्टा नसलेली चप्पल नको. मे महिन्यात नऊनंतर व्यायाम नको, थकव्यानं तोल आणखी जातो.

न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की पडणारे बरेच असतात, विशेषतः बी-१२ जीवनसत्त्व कमी असलेले, कारण त्यांना पाय कुठं आहे हे डोळ्यांनीच कळतं. लाईट गेल्यावर अंधारातही तेच. खुर्चीवर बसून अंघोळ, आणि उशाशी टॉर्च.

फ्रिडरिक्स अ‍ॅटॅक्सिया (वंशपरंपरेनं येणारा एक प्रकार) असेल तर हृदयाची तपासणी, ईसीजी आणि इको, झाल्याशिवाय दम लागेल असा व्यायाम सुरूच करू नका, यात हृदयाचा स्नायूही धरला जातो. आणि व्यायामाच्या आधी कारण शोधलं का ते विचारा. बी-१२, थायरॉइड, दारू, फिटची फेनिटॉइन गोळी, यांच्यामुळंही तोल जातो आणि यातलं काही वेळेवर सापडलं तर सुधारतं. सेवाग्राम, सावंगी, नागपूर मेडिकल, अशा कुठल्याही मोठ्या दवाखान्यात न्यूरोच्या (मेंदू-नसांच्या) डॉक्टरला दाखवा. फक्त फिटची गोळी आपल्या मनानं बंद करू नका, त्या डॉक्टरलाच विचारून बदला.