इंग्रजीतला 'अप' कसा ओळखायचा ('वर' म्हणून मोकळं होऊ नका)

परवा भाची विचारून राहिली, मामा, 'टाइम इज अप' म्हणजे वेळ वर गेली का? म्हटलं हो ना बाप्पा, आपल्याकडे माणूस वर गेला म्हणजे संपला, तशीच ही वेळ. ती हसली, पण अर्थ बरोबर लागला ना! तेव्हा म्हटलं हे लिहूनच टाकावं, कारण 'अप म्हणजे वर' एवढंच शाळेत पाठ केलेलं असते आणि पुढे दर दुसऱ्या वाक्यात माणूस अडकते.

पहिले एवढंच बघायचं की वाक्यात खरंच काही वर जाते का. स्टँड अप, गो अप, लिफ्ट अप, तिथं प्रश्नच नाही. भाव, भाडं, आवाज वाढला तरी अप, आपणही म्हणतोच की भाव वर गेले. घरमालकानं भाडं वाढवलं तर इंग्रजीत 'ही अप्ड द रेंट' पण चालते, तिथं अपचं सरळ क्रियापदच होऊन जाते.

काहीच वर जात नसेल तर माझी खरी युक्ती अशी की क्रियापदाला मराठीतला 'टाक' लावून बघा. ईट म्हणजे खा, ईट अप म्हणजे खाऊन टाक, प्लेटीत काही ठेवू नको. पोहे खाल्ले म्हटलं तर अर्धे उरलेही असतील, पण पोहे खाऊन टाकले म्हटलं की तर्रीतला शेवटचा चनाही गेला. तोच फरक. ड्रिंक अप पिऊन टाक, यूज अप वापरून संपव, टिअर अप फाडून टाक. आपण हे काम दुसरं क्रियापद जोडून करतो, इंग्रज बिचारा अप जोडतो. म्हणूनच कागद 'बर्न अप' झाला आणि घर 'बर्न डाऊन' झालं, दोन्ही जळून खाकच, वर-खालीचा संबंध नाही. आणि हो, फिल अप म्हणजे काठोकाठ भरणे, ते पेट्रोलच्या टाकीला म्हणा. फॉर्मसाठी फिल इन किंवा फिल आउट. आपल्याकडे सगळे फॉर्म फिल अपच करतात, समजते लोकांना, पण परीक्षेत लिहू नका.

'टाक' बसला नाही तर 'उगवला' लावा. शो अप, टर्न अप म्हणजे तेच, दोन तास वाट पाहायला लावून साहेब उगवले. विषय निघाला तर 'कम अप'. 'ही केम अप टू मी' म्हणजे तो माझ्यापाशी आला, जिना चढून नाही, आमच्या नागपूरच्या बर्डी बाजारातल्या सपाट रस्त्यावरही येऊ शकते.

काही जोड्या मात्र पाठच कराव्या लागतात, मेक अप त्यातली सगळ्यात लबाड. तोंडाला लावते तो मेकअप, भांडण मिटवलं तरी मेक अप, उशीर झाला म्हणून बहाणा रचला तरी मेक अप, आणि बुडालेला अभ्यास भरून काढला तरी 'मेक अप फॉर'च. इथं पुढचा शब्द बघायचा, स्टोरी आहे की लॉस्ट टाइम, तोच अर्थ सांगते.

मी पहिल्यांदा फोनवरच्या नोकरीला लागलो तेव्हा एक बाई म्हणाली, 'यू आर ब्रेकिंग अप'. मला ब्रेकअप एकच माहीत, मी एकदम घाबरून म्हटलं नो मॅडम, आय ॲम मॅरिड. ती आवाज तुटतोय म्हणून सांगत होती! आमच्या टीमनं ते महिनाभर पुरवलं.

रेल्वेचा अप तर आणखी वेगळा. इंग्लंडात लंडनकडे जाणारी गाडी अप, तीच पद्धत इथं आली आणि मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी गाडी अप झाली. आता नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच, मुंबई समुद्राकाठी, म्हणजे इथून अप गाडीत बसलेला माणूस शेवटी खालीच पोचते. इथं अप म्हणजे मोठ्या ठिकाणाकडे. वर्ध्याहून रोज नागपूरले अप-डाऊन करणारे आमचे भाऊ सकाळी डाऊन गाडीनं येतात आणि संध्याकाळी अपनं घरी जातात, म्हणजे खरं तर ते डाऊन-अप करतात, पण तसं म्हटलं तर कोणाले समजणार नाही.

बोलताना एक चूक हमखास होते, तेवढी टाळा. 'पिक अप द पार्सल' चालते, 'पिक द पार्सल अप' पण चालते, पण पार्सलच्या जागी 'इट' आलं की ते मधातच बसते: 'पिक इट अप'. 'पिक अप इट' नाही. आणि बोलताना जोर 'पिक'वर नाही, शेवटच्या अपवर द्यायचा. भाची दोन दिवसांपासून घरभर 'पिक इट अप, पिक इट अप' करत फिरून राहिली, आजीला वाटलं पाणीपुरीवाल्याची नवीन आरोळी आहे.