रबरी ल्युअरला (मासा फसवायच्या नकली आमिषाला) वास लावावा का?

दुकानदार लसणाच्या नाहीतर झिंग्याच्या वासाची बाटली पुढे करतो आणि म्हणतो, "लावा भाऊ, मासा धावत येईल." धावत कोणी येत नाही. तापी-वाघूर नद्यांकडे रॉड घेऊन बसणाऱ्या माझ्यासारख्याचं मत विचाराल तर वासाचं खरं काम मासा चावल्यावर सुरू होतं. नुसतं रबर तोंडात आलं की मासा लगेच थुंकतो. त्याला चव लागली तर क्षणभर जास्त धरतो, आणि हिसका द्यायला तेवढाच वेळ पुरतो.

म्हणून मरळीसाठी पाण्यावरून रबरी बेडूक उडवत ओढणार असाल तर बाटलीचे पैसे वाचवा. मरळ हालचाल आणि खळबळ हेरून झडप घालते. वास पाण्यात पसरेपर्यंत बेडूक चार हात पुढे गेलेला असतो. तळाला थांबत थांबत सरकवायच्या मऊ रबरी अळीला मात्र जरूर लावा. तळाशी चरणाऱ्या मांगूरला तर आठ मिशा, आणि चव घेणाऱ्या कळ्या तोंडातच नाही तर मिशांवर अन् अंगावरही. पावसाळ्यात तापी चहासारखी गढूळ झाली की डोळ्यांचा उपयोग कमी होतो, तेव्हा वासाची किंमत वाढते. (हतनूर धरणाचे दरवाजे उघडलेत असं कळलं तर नदीकाठी जाऊच नका, मासे कुठे पळत नाहीत.)

आता लावायचं काय? माशाला वास येतो तो पाण्यात विरघळलेल्या गोष्टींचा, त्यातही अमिनो आम्लांचा. तेल विरघळत नाही, वर तवंग धरतं. त्यामुळे तेलकट बाटली आपल्या नाकाला झणझणीत लागली तरी माशापर्यंत फारसं काही जात नाही. त्यापेक्षा बाजारातून मूठभर सुकट आणा. खलबत्त्यात जाडसर कुटा, दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर दहा मिनिटं उकळा, फडक्यातून घट्ट पिळून घ्या. त्या पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर मैदा कालवून परत गॅसवर ठेवा आणि ढवळत राहा. पोस्टर चिकटवायच्या खळीइतकं दाट झालं की उतरवा. घरात वास सुटतो, तेव्हा हे मागच्या अंगणात केलेलं बरं. थंड झालं की जुन्या टूथब्रशने अळीच्या खाचांत भरा. गुळगुळीत रबरावर ते टिकत नाही, खाचाखाचांचीच अळी घ्या. दहा-पंधरा फेकींनंतर पुन्हा लावा.

हाताकडेही बघा. माणसाच्या कातडीतलं सेरीन नावाचं अमिनो आम्ल पाण्यात गेलं की सामन मासे बिचकतात, हे फार पूर्वीच प्रयोगांत दिसलंय. पंपावर गाडीत पेट्रोल भरून किंवा तंबाखू मळून थेट ल्युअरला हात लावू नका. काठावरच्या मातीने चोळून हात धुवा. वासाच्या साबणाने नको.

फरक पडतो का हे बघायचं तर सोबत्याला घ्या. दोघांची अळी एकाच रंगाची, एकाच वजनाची, जागा शेजारशेजारची, एकीला सुकट, एक कोरी. अर्ध्या तासाने अदलाबदल करा. टोचे किती आले ते मोजाच, पण मासा दोरी किती वेळ ताणून धरतो तेही बघा. उरलेली खळ फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात दोनेक दिवस टिकते, नंतर आंबते, फेकून द्या. वासाचे ल्युअर कोऱ्यांच्या डब्यात ठेवू नका, पुढच्या वेळी सगळेच सुकटीचे निघतात आणि तुलना करायला कोरा एकही उरत नाही.