पिशवीतला सातबारा: कोकणातल्या विधी सहाय्य केंद्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

लॉ कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रात नाव घातलं की पहिल्या शिबिरासाठी बहुतेक जण भाषण पाठ करतात. मूलभूत हक्क, महिलांचे कायदे, शेवटी आभार. लोक टाळ्या वाजवतात. मग एखादी काकी मागे रेंगाळते, प्लास्टिकच्या पिशवीतून घड्या पडलेला सातबारा काढते आणि विचारते, "ह्यात माझं नाव खंय?" काम इथून सुरू होतं. हा कागद वाचता येत नसेल तर फ्लेक्सवरचा खर्च वाया गेला म्हणायचा.

आधी आपली हद्द ओळखा. बार कौन्सिलच्या नियमांनुसार हे केंद्र ज्येष्ठ प्राध्यापकांच्या देखरेखीखाली चालतं. तुमच्याकडे सनद नाही, त्यामुळे वकीलपत्रावर सही नाही, कोर्टात युक्तिवाद नाही आणि "केस जिंकाल" हे वाक्यही नाही. ऐकणं, कागद वाचणं, अर्ज लिहिणं, सोबत कचेरीत जाणं आणि पाठपुरावा करणं एवढं तुमचं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही घेतं. ते प्रशिक्षण करून घ्या, कारण ओळखपत्र असलं की कचेरीत बसायला खुर्ची मिळते.

मोफत वकील कोणाला, हे विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये आहे: स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतली माणसं, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त. यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा. नवख्यांची ठरलेली चूक अशी की बाईलाच उत्पन्नाचा दाखला आणायला तहसीलमध्ये पाठवतात. तिचा दिवस बुडतो, एसटीचं भाडं जातं आणि ती परत येत नाही. साध्या कागदावरचा अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे चालतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

तारीख कॉलेजच्या सोयीने ठरवली की शिबिर रिकामं. लावणीच्या दिवसांत शेतकरी वाडीत कोणी सापडत नाही. कोळीवाड्यात मात्र जून-जुलै हाच काळ बरा, कारण यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते आणि माणसं जाळी दुरुस्त करत घरीच असतात. कातकरवाडीत दिवाळीनंतर गेलात तर कुलपं दिसतील. कुटुंबं वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडायला निघून गेलेली असतात, पावसाळ्याच्या तोंडावर परततात. वारसांची कामं गणपती, शिमगा किंवा मे महिन्यात धरा. चाकरमानी गावात आले तरच सह्या पूर्ण होतात. शिबिराची वेळही एसटी बघून ठरवा. परतीची गाडी चारची असेल तर साडेतीनला सगळं उरकलेलं हवं.

जागा हा त्याहून नाजूक विषय. देवळाचा सभामंडप ऐसपैस असतो आणि गावकी तो आनंदाने देते, पण बौद्धवाडीतली माणसं तिथे येतीलच असं नाही, आणि गावकीविरुद्ध तक्रार असलेला तर येणारच नाही. शाळा सुटल्यावरचा जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग त्यातल्या त्यात बरा. बोलायला एक वेगळा कोपरा ठेवा. सगळ्यांसमोर कोणी नवऱ्याबद्दल बोलत नाही.

आता सातबारा. विद्यार्थी भोगवटादारांची नावं वाचून थांबतो, पण कोकणात खरा इतिहास 'इतर अधिकार'च्या रकान्यात आणि फेरफार (हक्कात बदल झाल्याची नोंद) क्रमांकांत दडलेला असतो. नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर दचका. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एका भावाचं नाव लागलं आणि बाकीचे कागदावर आलेच नाहीत, असा त्याचा अर्थ असू शकतो. त्यामागचा जुना फेरफार काढल्याशिवाय काहीही सांगू नका. कुळकायदा कलम ४३ चा शेरा असेल तर ३२म चं, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचं, प्रमाणपत्र कधी मिळालं ते विचारा. त्याला १० वर्षं झाली असतील तर आकारणीच्या ४० पट रक्कम भरून विक्रीवरचं बंधन उठवता येतं. दहा गुंठ्यांवर पन्नास नावं असणं इथे नवल नाही. घाबरून न जाता वंशावळ कागदावर काढा, मुली आणि त्यांची मुलं धरून.

वारस नोंदीला मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र, चालू सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा) लागतो. ऑनलाइन फुकट दिसणारा सातबारा कचेरीत चालत नाही, डिजिटल सहीचा १५ रुपयांचा काढा. अर्ज तलाठ्याकडे द्यायचा (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी, पण वाडीत तलाठीच म्हणा), मग फेरफाराला नोंद, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस, आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. काम अडतं ते तीन ठिकाणी. आधारवर एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरं, हे पहिलं. आजोबांच्या मृत्यूची नोंदच नसते, हे दुसरं. वर्ष उलटलं असेल तर त्यासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तिसरं आणि सगळ्यांत नेहमीचं, एक बहीण मुद्दाम गाळलेली असते. नोंद मंजूर झाली आणि पटत नसेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलाला ६० दिवस. आणि हेही सांगा, की फेरफार महसुली नोंद आहे, तिने मालकी ठरत नाही. मालकीचा वाद दिवाणी कोर्टातच सुटतो.

बहिणींच्या बाबतीत हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल पाठ असू द्या: वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्माने आहे, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असणं गरजेचं नाही. पण "हिस्सा घ्याच" असं सांगणं तुमचं काम नाही. माहेरचा गणपती तुटेल ही भीती खरी असते. हक्क काय आहे आणि हक्कसोडपत्रावर सही केली की काय जातं, एवढं नीट समजावून निर्णय तिच्यावर सोडा.

वाळीत टाकल्याची तक्रार आली तर २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा काढा. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, तरी "गावात मिटवा" हे उत्तर मिळेल असं धरून चला. "आम्हाला वाळीत टाकलं" एवढ्या वाक्यावर काही उभं राहत नाही. वर्गणी कोणत्या तारखेला परत केली, पालखी कोणाच्या सांगण्यावरून दारात थांबली नाही, मर्तिकाला कोण आलं नाही, दुकानदार काय म्हणाला, हे दिवस आणि नावांनिशी लिहून घ्या.

कातकरी कुटुंबांच्या वनहक्क दाव्यात "दंडाची पावती नाही" (म्हणजे जंगलातल्या जुन्या वहिवाटीचा सरकारी कागद नाही) म्हणून नकार आला तर तो मान्य करू नका. पुरावे दोन लागतात आणि त्यात गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. नकार लेखी मागा. तोंडी नकारावर अपील करता येत नाही.

कचेरीतलं मौन फोडायला माहितीचा अधिकार बरा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस. "माझ्या अर्जाचं काय झालं" असं विचारू नका. अर्जाचा आवक क्रमांक देऊन त्यावरच्या टिपणीची प्रत मागा.

एका सत्रात निकाल लागेल अशी अपेक्षा ठेवू नका. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ मधला, मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९३७ मधला. केंद्रं बंद पडतात ती मे महिन्यात, तुकडी बदलताना. म्हणून नोंदवहीत प्रत्येक पानावर माणसाचा नव्हे, पुढच्या तारखेचा रकाना सगळ्यांत मोठा आखा. पोचेचा शिक्का असलेली प्रत अर्जदाराकडे, झेरॉक्स फाइलला. मूळ कागद एका रात्रीसाठीही ठेवून घेऊ नका. आणि निरोप मुंबईच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवून मोकळे होऊ नका. वाडीत ज्या घरी फोन उचलला जातो त्या घराचा नंबर अर्जदाराला विचारून लिहा, आणि तिथे फोन कोण करणार त्या विद्यार्थ्याचं नाव शेजारी.